त्या ३९च्या आकड्याचं काय करायचं?

एका वाचकाचं पत्र, थोडं आटोपशीर करून :

"ताई, माझी बायको ४६ वर्षांची. गर्भाशयमुखाचा कॅन्सर, स्टेज तीन-बी. सुरुवातीलाच एका मूत्रपिंडाला सूज होती म्हणून लघवीच्या नळीत स्टेंट घातला. मग पाच आठवडे रोजचं रेडिएशन, आठवड्याला एक केमो आणि शेवटी आतून द्यायचं रेडिएशन. ते सगळं पार पडून चार महिने झाले. आताच्या स्कॅनमध्ये मूळची गाठ बरीच आटलीय, पण पोटात मागच्या बाजूला एक-दोन गाठी दिसल्या, म्हणून पुन्हा केमो सुरू व्हायचीय. त्या स्कॅनच्या कागदावर आहारतज्ज्ञांनी पेनानं लिहिलंय : 'स्नायू निर्देशांक ४३ वरून ३९. सार्कोपेनिया.' मी तो शब्द शोधला, अर्थ निघाला स्नायू झिजणं, आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. सगळीकडे एकच : स्नायू कमी तर आयुष्य कमी. वजन तसं सहा महिन्यांत ६२ वरून ५८ इतकंच उतरलंय. तेव्हापासून मी दर दोन तासांनी काहीतरी खायला घेऊन तिच्यासमोर उभा राहतो. ती तोंड फिरवते. परवा तिनं वाटी ढकलली, मी ओरडलो, मग दोघंही रडलो. रिपोर्ट मी तिला दाखवलेला नाही. काही उचलू देत नाही, कुंड्यांना पाणी घालायलाही उठू देत नाही, तरी अंगावरचं मांस उतरतंच आहे. डावा पाय संध्याकाळी सुजतो. रात्री घामानं अंथरूण भिजतं. संडासला पाच-सहा वेळा जावं लागतं, पण ते रेडिएशनपासूनचं जुनंच आहे. सलाईन लावून ताकद येईल का? आणि मला खरं सांगा, ३९ म्हणजे किती दिवस?"

दादा,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते मिळेपर्यंत बाकीचं तुमच्या डोक्यात शिरणार नाही. ३९ या आकड्यातून दिवस काढता येत नाहीत. तुमच्या डॉक्टरांनाही येत नाहीत आणि मला तर नाहीच. कॅन्सरच्या वॉर्डात इतकी वर्षं काढली तरी मी आहारतज्ज्ञ आहे, डॉक्टर नाही. पण हा आकडा येतो कुठून, एवढं मला नीट सांगता येईल.

सीटी स्कॅनमध्ये शरीराचे आडवे काप दिसतात, काकडीच्या चकत्यांसारखे. कमरेच्या तिसऱ्या मणक्यापाशी पडलेली एक चकती घ्यायची, तिच्यातल्या स्नायूंचं क्षेत्रफळ चौरस सेंटिमीटरमध्ये मोजायचं आणि मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं त्याला भागायचं. आला तो निर्देशांक. त्या एका चकतीवरून सगळ्या अंगातल्या स्नायूंचा बऱ्यापैकी अंदाज येतो आणि पोटाचा स्कॅन तसाही झालेलाच असतो, म्हणून ही पद्धत रुळली. आता बायकांमध्ये 'कमी' कशाला म्हणायचं? २००८ मधल्या एका गाजलेल्या अभ्यासानं रेघ आखली ३८.५ वर, २०१३ मधल्या दुसऱ्यानं ४१ वर. दोन्ही कॅनडातले, दोन्ही मुख्यतः फुप्फुसाच्या आणि पचनमार्गाच्या कॅन्सरच्या रुग्णांवरचे. म्हणजे वहिनींचा ३९ एका रेघेच्या वर आहे आणि दुसरीच्या खाली. तुम्ही ज्या आकड्यापायी रात्र जागून काढलीत, तो कुठली रेघ धरली यावर 'ठीक' किंवा 'कमी' ठरतो.

मग तुमच्या आहारतज्ज्ञांनी सार्कोपेनिया का लिहिलं? त्यांचं लक्ष माझ्या मते ३९ पेक्षा त्याच्या आधीच्या ४३ वर होतं. ४३ वरून ३९ म्हणजे नऊ टक्क्यांची घट, आणि तीही थोड्या महिन्यांत. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी रेडिएशन-केमो घेतलेल्या बायकांचे उपचारांआधीचे आणि नंतरचे स्कॅन ताडून पाहणारे अभ्यास तैवान, जपान अशा देशांतून आलेले आहेत. त्यांतल्या काहींत असं दिसलं की सुरुवातीला स्नायू किती होते, यापेक्षा उपचारांच्या काळात ते किती गळाले याचा पुढच्या आयुष्याशी संबंध जास्त ठळक आहे. तुम्ही वाचलंत ते याच धर्तीचं असणार. ते खोटं नाही. फक्त 'संबंध आहे' आणि 'त्यामुळे होतं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तुमची झोप उडाली ती त्या दोन्ही एकच धरल्यामुळे.

संबंध कसाकसा येतो ते बघा. केमोचा डोस बहुतेक वेळा उंची आणि वजनावरून ठरतो. वजनकाट्याला चरबी आणि स्नायू यांतला फरक कळत नाही. सारख्या वजनाच्या दोघींना सारखं औषध मिळतं, पण जिच्या अंगात स्नायू कमी तिला ते जास्त बाधतं, रक्तातल्या पेशी खाली जातात, डोस पुढे ढकलावा लागतो. या कॅन्सरमध्ये पहिलं सगळं रेडिएशन साधारण आठ आठवड्यांच्या आत संपवायचा कटाक्ष असतो, कारण खंड पडला की गुण कमी येतो. म्हणजे हा एक सरळ धागा झाला : स्नायू कमी, उपचार अर्धवट, परिणाम वाईट. दुसरा धागा उलटा जातो. काही गाठी मुळातच आडदांड असतात. त्या आयुष्यही लवकर संपवतात आणि जाताजाता स्नायूही खातात. तिथे स्नायू गळणं हा नुसता धूर, आग दुसरीकडे. तिसऱ्या बाजूला रक्तस्राव, जंतुसंसर्ग, जुलाब : हे स्नायूही गाळतात आणि माणसालाही थकवतात. वहिनींच्या बाबतीत कुठला धागा किती, हे त्या कागदावर लिहिलेलं नाही. आणि एक कटू गोष्ट सांगून टाकते : खाऊ घालून ३९ चे पुन्हा ४३ केले तर अमुक वर्षं वाढतात, असं कुणीही सिद्ध केलेलं नाही. तशी आशा मी दाखवली तर तुम्ही आणखी दोन वाट्या घेऊन वहिनींसमोर उभे राहाल.

मग स्नायू राखायचे कशासाठी? पुढची केमो पूर्ण पेलता यावी, रात्री संडासपर्यंत स्वतःच्या पायांनी जाता यावं, तोल जाऊन हाड मोडू नये, खोकताना छातीत जोर राहावा, म्हणून. या गोष्टी हाताशी आहेत आणि त्यांच्यासाठी वर्षांचा हिशेब लागत नाही.

मराठीत आपल्याकडे दोन शब्द आहेत, रोडावणं आणि खंगणं, आणि आपल्या आज्या ते कधी अदलाबदल करून वापरत नसत. माणूस कमी जेवला की रोडावतो. जेवायला लागला की पुन्हा भरतो. खंगणं म्हणजे आतून काहीतरी खात असणं. डॉक्टर त्याला कॅकेक्सिया म्हणतात. २०११ मध्ये तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटानं त्याची व्याख्या ठरवली : सहा महिन्यांत पाच टक्क्यांहून जास्त वजन उतरणं, किंवा माणूस आधीच बारीक असेल अथवा स्नायू कमी असतील तर दोन टक्क्यांहून जास्त. ६२ चे ५८ म्हणजे सहा टक्क्यांच्या वर. 'इतकंच उतरलंय' असं तुम्ही लिहिलंत, पण ते इतकंच नाही. शिवाय त्या ५८ मध्ये पायातलं पाणीही धरलेलं आहे. सूज, पोटातलं पाणी आणि टिकून राहिलेली चरबी वजनकाट्याला फसवतात. म्हणून तर त्या आहारतज्ज्ञांनी काटा सोडून स्कॅन बघितला. भल्या बाई असणार.

त्याच व्याख्येत पुढे असंही म्हटलं होतं की हे खंगणं नुसत्या नेहमीच्या पोषणानं पूर्ण भरून येत नाही. हे वाक्य तुमच्यासाठी फार मोलाचं आहे, कारण तुमच्या डोक्यात असं बसलंय की मांस उतरतंय म्हणजे मी भरवायला कमी पडतोय. तसं नाही. गाठ आणि गाठीशी लढणारं शरीर मिळून रक्तात दाहाचे निरोप सोडत राहतात. त्या निरोपांमुळे स्नायू स्वतःचीच प्रथिनं मोडू लागतात, यकृत त्यांतून दुसरीच प्रथिनं बनवायला घेतं आणि मेंदूला भूक बंद करायचा इशारा मिळतो. यांतल्या एका रेणूचं नाव जीडीएफ-१५. तो मेंदूच्या देठातल्या एका केंद्रावर काम करतो आणि अन्नाचा तिटकारा आणतो. वहिनींना आधीच्या केमोत मिळालं असण्याची शक्यता आहे त्या सिस्प्लॅटिननंही तो वाढतो. तेव्हा वाटी ढकलणारा हात वहिनींचा असला तरी ढकलायची बुद्धी त्यांची नव्हती. तुमच्यावर राग नव्हता तो.

माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षात मी प्रत्येक खाटेपाशी कॅलरींचा तक्ता लावत असे, हिरव्या-लाल खुणांचा. एका बाईंनी एके दिवशी तो शांतपणे काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "घे, तूच खा हा." मी चिडले होते तेव्हा. आज वाटतं, त्या वॉर्डात मला कुणी शिकवलं असेल तर त्या बाईंनी.

म्हणून पहिलं काम : दर दोन तासांची फेरी बंद. समोर उभं राहणंही बंद. खाणं हाताशी ठेवा, थोडं, लहान वाटीत, आणि तुम्ही तिथेच बसून तुमचं तुम्ही खा. सकाळी भूक बरी असते असं बऱ्याच जणांचं असतं. तसं असेल तर दिवसातलं सगळ्यात जड खाणं सकाळीच होऊ दे. तोंडाला धातूसारखी चव येत असेल तर थंड किंवा कोमट पदार्थ बरे लागतात, गरम वाफेचा वास नको होतो. दिवसातून एकदा खाणं मोजायचंच असेल तर रात्री, त्यांच्या पाठीमागे.

आता तुमच्या पत्रातल्या सगळ्यात महत्त्वाच्या वाक्याकडे येते, जे तुम्ही 'पण' लावून झटकून टाकलंत. संडासला पाच-सहा वेळा. चार महिने. "जुनंच आहे."

दादा, माझा सगळ्यात जास्त संशय इथेच आहे. ओटीपोटाला रेडिएशन देताना आतड्याचा काही भाग त्या झोतात येतोच. उपचार चालू असताना जुलाब होणं अपेक्षित असतं, पण ते बहुतेकींचं काही आठवड्यांत निवळायला हवं. महिनोन्‌महिने टिकलं तर त्याला कारणं असतात आणि त्यांतल्या बऱ्याच कारणांवर इलाज असतो. लहान आतड्याचं शेवटचं टोक पित्तातले घटक परत शोषून घेतं. ते टोक दुखावलं की पित्त मोठ्या आतड्यात उतरतं आणि पाण्यासारखे जुलाब होतात. त्या पित्ताला बांधून ठेवणारं औषध मिळतं. कधी लहान आतड्यात नको ते जंतू माजतात. त्याला प्रतिजैविकाचा कोर्स देतात. कधी दुधातली साखर तात्पुरती पचेनाशी होते. दूध बंद केल्याबरोबर फरक पडतो आणि दही मात्र चालतं. ब-१२ जीवनसत्त्व याच टोकातून शोषलं जातं, तेव्हा त्याचीही तपासणी सांगून ठेवा. हे नुसतं गैरसोयीचं दुखणं नाही. खाल्लेलं अंगी लागायच्या आत बाहेर जातंय, आणि मॅग्नेशियम-पोटॅशियमही जातंय. सिस्प्लॅटिननं मूत्रपिंडावाटे मॅग्नेशियम आधीच गळतं. ते कमी पडलं की हातापायांत त्राण राहत नाही आणि आपण म्हणतो, स्नायू गेले.

आणखी एक, जे बायका नवऱ्याला सांगत नाहीत. खाल्लं की पळावं लागतं, कधी पोचेपर्यंत दम निघत नाही. मग त्या खाणंच सोडतात. भूक असते, पण घासाबरोबर धास्ती येते. वहिनींना हे असं समोरून विचारू नका, लाजतील. "बाहेर जायचं म्हटलं की तू आदल्या दिवशी जेवत नाहीस का?" एवढंच विचारून बघा. संडासातून रक्त येणं, किंवा योनीमार्गातून लघवी अगर मळ झिरपणं असं काही असेल तर मात्र पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी कळवायचं.

आता प्रथिनं. कॅन्सरच्या रुग्णांसाठी एस्पेन या युरोपातल्या पोषणतज्ज्ञांच्या संस्थेचं मार्गदर्शन असं : वजनाच्या दर किलोमागे रोज एक ग्रॅमहून जास्त, जमलं तर दीड ग्रॅमपर्यंत प्रथिनं, आणि २५ ते ३० कॅलरी. वहिनींच्या ५८ किलोंना लावलं तर ५८ ते ८७ ग्रॅम प्रथिनं आणि साधारण १४५० ते १७५० कॅलरी. एका अंड्यात सहा ग्रॅम, पाव लिटर दुधात आठ. म्हणजे साठ ग्रॅमसुद्धा अशा माणसाला डोंगर वाटतो. तेव्हा ताटातलं प्रथिनाचं काय असेल ते आधी आणि बाकीचं नंतर, एवढा एक नियम पुरे. पाणी आणि पातळ पदार्थ जेवणाच्या मधल्या वेळात, नाहीतर पोट त्यानंच भरतं.

पण थांबा. वहिनींच्या एका मूत्रपिंडाला सूज होती, स्टेंट आहे, सिस्प्लॅटिन झालं असेल तर तेही मूत्रपिंडाला त्रास देणारं. म्हणून प्रथिनांच्या पावडरचे डबे आणण्याआधी रक्तातलं क्रिॲटिनिन (मूत्रपिंड किती काम करतंय ते त्यावरून कळतं) बघायचं आणि स्टेंट नीट चाललाय ना ते विचारायचं. उलट बाजूनं, 'किडनी आहे' म्हणून परस्पर प्रथिनं तोडायचीही नाहीत. ते फार लोक करतात. किती द्यायचं ते मूत्रपिंडाचा अहवाल समोर ठेवून तुमचे डॉक्टर आणि त्या पेनानं लिहिणाऱ्या बाई मिळून ठरवतील.

गोड बंद करा, दूध-अंडी बंद करा, उपाशी ठेवलं की गाठ मरते, असं सांगणारे तुम्हाला भेटले नसतील तर भेटतील. उपाशी ठेवल्यानं गाठीची साखर बंद होत नाही. शरीर स्नायू मोडतं, यकृत त्यांतून साखर करतं आणि ती रक्तात सोडतं. म्हणजे उपाशी माणसाच्या स्नायूंवर गाठ जगते. अशा सल्लागारांना नमस्कार करून चहा पाजा आणि वाटेला लावा.

सलाईनबद्दल : पाच टक्के ग्लुकोजच्या एक लिटर बाटलीत पन्नास ग्रॅम साखर असते, म्हणजे दोनशे कॅलरीही नाहीत, आणि प्रथिन शून्य. नुसत्या मिठाच्या सलाईनमध्ये तर तेवढंही नाही. अंगातलं पाणी कमी झालं असेल तेव्हा सलाईननं तरतरी येते, ती पाण्याची. वर पायाला सूज असताना उगाच बाटल्या लावणं बरं नव्हे.

भूक वाढवायच्या औषधांचं थोडक्यात उरकते, कारण त्यात थोडक्यातच हाती लागतं. मेजेस्ट्रॉलनं भूक आणि वजन वाढतं, पण मुख्यतः चरबी आणि पाणी, आणि रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो. स्टेरॉइडनं काही दिवस बरं वाटतं; जास्त दिवस घेतलं तर तेच स्नायू खातं. ओलान्झापिन अगदी कमी मात्रेत भूक आणि मळमळ दोन्हींसाठी अलीकडे बऱ्यापैकी वापरतात, त्याबद्दल विचारण्यासारखं आहे. जपाननं २०२१ मध्ये ॲनामोरेलिन नावाचं औषध मंजूर केलं, ते फुप्फुस, जठर, स्वादुपिंड आणि मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी, गर्भाशयमुखासाठी नाही. त्याच्या मोठ्या चाचण्यांत स्नायू वाढले, पण मुठीची ताकद वाढली नाही. हे मी मुद्दाम सांगतेय. स्कॅनवरचं मांस आणि हातापायांतलं बळ या एकच गोष्टी नव्हेत. युरोपातल्या तज्ज्ञांनी तर २०१८ मध्ये सार्कोपेनियाची व्याख्या सुधारताना ताकदीलाच पहिलं स्थान दिलं. त्यांची एक चाचणी घरीच करता येते : खुर्चीवर बसून, हात छातीवर धरून पाच वेळा उभं राहायचं आणि बसायचं. पंधरा सेकंदांहून जास्त लागले तर पायांतली ताकद कमी झाली असं समजतात.

आणि इथे तुमची एक चूक सांगावी लागेल, रागावू नका. तुम्ही त्यांना उठू देत नाही. प्रेमानं नाही देत, मान्य. पण निरोगी वयस्कर माणसांना दहा दिवस नुसतं अंथरुणात ठेवून एक अभ्यास झाला होता, २००७ मधला. त्यांना कुठलाही आजार नव्हता, जेवणही नीट होतं. दहा दिवसांत एकेकाच्या पायांतलं साधारण एक किलो मांस गेलं. आजाराच्या जोडीला ही सक्तीची विश्रांती आली की स्नायूंना राहायला कारणच उरत नाही. खाल्लेलं प्रथिन स्नायूत जायला स्नायूनं काम मागावं लागतं.

खूप काही नको. टणक, हात असलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हातांचा आधार घेऊन उठायचं, सावकाश बसायचं. जमेल तितक्या वेळा, तीन असो की आठ, दिवसातून दोन-तीनदा. भिंतीला धरून टाचा उचलायच्या. घरातल्या घरात किंवा अंगणात चालणं, बोलता येईल पण गाता येणार नाही एवढ्या वेगानं. केमोच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काही होणार नाही, ते दिवस सोडून द्यायचे. रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट असतील तर एकदा दाखवून घ्या.

त्याआधी मात्र डाव्या पायाचं बघा. तो कुणी तपासलाय का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. एकाच पायाला सूज हे लसिकेचं, म्हणजे लिम्फचं, पाणी साठल्यानं होतं, पोटातल्या गाठींच्या दाबानंही होतं आणि शिरेत गुठळी झाली असली तरी होतं. गुठळी असेल तर व्यायाम थांबवून आधी तिचा इलाज. सोनोग्राफीत ते कळतं. हे या आठवड्यातलं काम. पोटरी दुखू लागली, सूज एकाएकी वाढली किंवा धाप लागली तर आठवडाही नको, तडक जा. तसंच चालताना जांघेत किंवा कमरेत टोचून दुखत असेल तर चालणं थांबवून सांगा. रेडिएशननंतर कटीची हाडं ठिसूळ होऊन त्यांना बारीक तडा जाऊ शकतो. ताप असताना, चक्कर येत असताना, हिमोग्लोबिन फार खाली असताना खुर्चीवरच बसून हातपाय हलवणं पुरे.

रात्रीच्या घामाला ताप नाही ना, हे थर्मामीटर लावून पाहा. नसेल तर मला त्याचं साधं कारण दिसतं : ओटीपोटाच्या रेडिएशननं बीजांडकोश बंद पडतात आणि बाईची पाळी एका रात्रीत गेल्यासारखी होते. ४६व्या वर्षी हे अचानक येणं झोपेवर, हाडांवर आणि स्नायूंवरही पडतं. संप्रेरकं देता येतात का, हे स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारा. 'कॅन्सर आहे म्हणजे हार्मोन नकोच' असं इथे सरसकट नसतं. या कॅन्सरचा जो सगळ्यात नेहमीचा प्रकार, स्क्वेमस, तो त्या संप्रेरकांवर वाढणारा नव्हे. वहिनींचा प्रकार कुठला, ते बायॉप्सीच्या कागदावर असेल.

राहिला रिपोर्ट. तुम्ही तो कपाटात ठेवलाय, पण दर दोन तासांनी तोच तर वाचून दाखवताय. त्यांना कळत नसेल असं तुम्हाला खरंच वाटतं? एकदा वाटी न घेता शेजारी बसा आणि विचारा, "स्कॅनबद्दल तुला किती ऐकायचंय?" सगळं, थोडं किंवा काहीच नाही, यांतलं कुठलंही उत्तर चालेल. ऐकायचं म्हणाल्या तर सांगायला सोपं आहे : गाठ आटली, मागे एक-दोन दिसतात, त्यासाठी औषध सुरू होतंय, आणि पायांतली ताकद कमी झालीय, ती वाढवायला माझी मदत घे.

डॉक्टरांकडून पॅलिएटिव्ह केअरच्या टीमची गाठ मागून घ्या. नाव ऐकून दचकू नका, ती टीम शेवटच्या आठवड्यासाठी नसते. दुखणं, मळमळ, जुलाब, झोप, ही सगळी त्यांचीच कामं, आणि वहिनींना आज नेमकं हेच हवंय. अमेरिकेत फुप्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या रुग्णांना ही मदत अगदी सुरुवातीपासून दिली, तेव्हा त्यांचे दिवस तर बरे गेलेच, पण ते सरासरीनं जगलेही जास्त : ८.९ महिन्यांच्या जागी ११.६. हे २०१० मध्ये छापून आलं. आजार वेगळा आहे, म्हणून तो आकडा तुमच्या वहीत लिहून घेऊ नका.

पुढे कधी अशी वेळ येऊ शकते की औषधं थांबतील आणि शरीर अन्न घेणारच नाही. तेव्हा ग्रॅम मोजायचे नसतात, चमचाभर जे आवडेल ते द्यायचं असतं. ती वेळ आज नाही. आज त्यांचा उपचार पुढे चाललाय आणि त्या स्वतःहून उठायला बघतायत.

कुंड्यांना पाणी घालायला उठतात म्हणालात ना? पायाची तपासणी झाली आणि डॉक्टरांनी हो म्हटलं की उठू दे. झारी तुम्ही भरून द्या, पहिले काही दिवस अर्धीच. आणि जवळ एक खुर्ची ठेवा.

तुमची,
ताई